नाक, खाज आणि चिडचिड: ॲलर्जीचा मनःस्थितीवर परिणाम होतोय का, हे घरच्या घरी कसं तपासायचं

मूल सारखं शिंकतंय, अंग खाजवतंय आणि हल्ली शब्दाशब्दाला अंगावर येतंय, असं दिसलं की आपल्याकडे घरात पहिल्यांदा काय बंद होतं? दूध. मग दही, मग केळं, मग गोड. महिनाभर पोराच्या ताटातलं एकेक कमी होत जातं आणि चिडचिड आहे तिथेच राहते. मोठ्या माणसांचंही तेच. 'पित्त वाढलंय' म्हणून खाणं बदललं जातं, पण रोज रात्री घेतल्या जाणाऱ्या सर्दीच्या गोळीकडे कुणी बघत नाही.

तपासायचा क्रम नेमका उलटा हवा. आधी झोप, मग औषधं, मग अंथरूण आणि घरातली हवा, सगळ्यात शेवटी ताट. ॲलर्जीमुळे स्वभावात फरक पडतो तेव्हा बहुतेक वेळा तो पहिल्या दोन वाटांनी आलेला असतो.

हे घडतं कसं

धुळीतले किडे, बुरशी, परागकण अशा एरवी निरुपद्रवी गोष्टींविरुद्ध शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं. ती मास्ट पेशींवर चिकटून बसतात. पुन्हा तोच पदार्थ आला की या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं सोडतात. नाकाच्या आतलं अस्तर सुजतं, पाणी येतं, खाज सुटते. आडवं झाल्यावर नाक आणखी चोंदतं, तोंडाने श्वास सुरू होतो आणि झोप रात्रभर तुटत राहते. माणूस पूर्ण जागा होत नाही, त्यामुळे सकाळी विचारलं तर 'झोप झाली' असंच सांगतो.

मोठ्या माणसाची झोप तुटली की तो दिवसभर पेंगतो, लक्ष लागत नाही, लगेच चिडतो. लहान मुलांचं वेगळं असतं. झोप कमी पडलेलं मूल पेंगण्याऐवजी जास्त उड्या मारतं, एका जागी बसत नाही, वर्गात खोड्या काढतं. अशा मुलाला चंचल ठरवण्याआधी त्याचं नाक बघायला हवं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास, तर तेरा ते अठराच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. अंथरुणात घालवलेले तास आणि खरी झोप यातला फरक इथेच महत्त्वाचा ठरतो.

दमा, नाकाची ॲलर्जी किंवा एक्झिमा (त्वचा कोरडी पडून सारखी खाजण्याचा आजार) असलेल्यांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं, हे मोठ्या पाहण्यांमधून दिसलेलं आहे. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीने दुसरी झाली असं होत नाही. रात्रभर खाजवणारा, वर्षभर नाक पुसणारा माणूस वैतागणारच. त्यासाठी मेंदूतल्या कुठल्या गूढ रसायनापर्यंत जायची गरज दरवेळी नसते.

पहिलं काम: दोन आठवड्यांची वही

मोबाइलमधलं ॲप नको, साधी शाळेची वही घ्या. १४ दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. हा भाग लोक टाळतात आणि तिथेच सगळं फसतं, कारण आधीची स्थिती माहीत नसेल तर नंतर फरक पडला की नाही हे कळणार कशावरून?

रोज एक ओळ. नाक, खाज, झोप आणि मूड या चारही गोष्टींना ० ते ३ गुण द्या. ० म्हणजे त्रास नाही, १ थोडा, २ कामात अडथळा येईल इतका, ३ म्हणजे असह्य. पुढे औषध आणि त्याची वेळ, दिवस कुठे गेला, वेगळं काही खाल्लं का. एक ओळ साधारण अशी दिसेल:

'मंगळवार. नाक २, खाज ०, झोप २ (तोंड उघडं, घोरणं), मूड ३ (संध्याकाळी ५ ते ७). रात्री ९ ला सर्दीची गोळी. शाळा, मग मैदान. दुपारी मिसळ.'

'मूड वाईट' एवढंच लिहून चालत नाही. किती वाजता, किती वेळ आणि नेमकं काय केलं ते लिहा: वही फेकली, रडलं, गप्प बसलं. वेळ लिहिली की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. रोज सकाळी उठल्या उठल्या चिडचिड असेल तर झोपेकडे बघा. औषधानंतर तासाभरात असेल तर औषधाकडे. फक्त गणिताच्या क्लासच्या दिवशी असेल तर ॲलर्जीला उगाच दोष देऊ नका.

झोपेचा गुण अंदाजाने देऊ नका. मूल झोपल्यावर तासा-दोन तासांनी आणि पहाटे एकदा, दोन-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, चेहरा आणि छाती दिसेल असा. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणं, मध्येच श्वास थांबून दचकणं, डोक्याला घाम, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, यातलं काही असेल तर नाक-कान-घसा तज्ज्ञाला दाखवा. नाकाच्या मागची ॲडिनॉइडची गाठ वाढलेली असू शकते. दिवसा दिसणाऱ्या खुणा म्हणजे डोळ्यांखाली काळसर वर्तुळं आणि तळहाताने नाक वर ढकलायची सवय. त्या सवयीने नाकावर आडवी रेघ उमटते.

औषधाची स्ट्रिप उलटी करून वाचा

ब्रँडचं नाव सोडा, मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचा. भिंग लागलं तर घ्या. औषध सुरू केल्याची तारीख आणि स्वभाव बदलल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा.

क्लोरफेनिरामाइन, हायड्रॉक्सिझिन, प्रोमेथाझिन ही जुनी ॲलर्जीविरोधी औषधं मेंदूत शिरतात. मेंदूत हिस्टामिनचं काम माणसाला जागं ठेवण्याचं, तेच अडवल्यावर गुंगी येते आणि ती दुसऱ्या दिवशीही रेंगाळते. उसाचा ट्रॅक्टर चालवणाऱ्याने किंवा लेथवर उभं राहणाऱ्याने ही गोळी घेऊन कामाला जाऊ नये. काही लहान मुलांत याचा उलटाच परिणाम होतो, मूल झोपण्याऐवजी चेकाळतं. सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिनची गुंगी त्यामानाने कमी, पण असते. फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिनची सगळ्यात कमी. फेक्सोफेनाडिन मात्र संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही. साधं पाणी पुरे.

सर्दीच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामाइनच्या जोडीला बहुतेक वेळा फिनाइलएफ्रिन असतं. त्याने छाती धडधडते, झोप उडते. हे दोन घटक एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापण्याचा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. मोठ्या भावाचं उरलेलं सिरप धाकट्याला पाजायची सवय म्हणूनच मोडायला हवी.

दम्याच्या सालब्युटामॉलने हात थरथरतात, बेचैनी येते. काही तासांत ते उतरतं. सिरपपेक्षा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) बरा, कारण औषध थेट फुप्फुसात जातं आणि मात्रा खूप कमी लागते. पंपाची सवय लागते ही भीती अजून घराघरांत आहे. तिला काही आधार नाही.

सगळ्यात जास्त लक्ष मोंटेलुकास्टकडे हवं. लेव्होसेटिरिझिनबरोबरची त्याची गोळी आपल्याकडे प्रत्येक मेडिकलमध्ये मिळते, नावाच्या शेवटी बहुधा 'एलसी' असतं. या औषधाने काहींना भीतिदायक स्वप्नं पडतात, झोप उडते, चिडचिड, आक्रमकपणा, उदासी आणि क्वचित आत्महत्येचे विचारही येतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, यासाठी सर्वात कडक दर्जाचा इशारा दिला आणि नुसत्या नाकाच्या सौम्य ॲलर्जीसाठी हे औषध पहिला उपाय म्हणून वापरू नये असं सांगितलं. सगळ्यांना हा त्रास होत नाही, कितीतरी जण ते व्यवस्थित घेतात. पण गोळी सुरू झाल्यानंतर पोरगं रात्री किंचाळून उठायला लागलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. दम्यासाठी दिलेली असेल तर बदली औषध विचारल्याशिवाय परस्पर बंद करू नका. त्रास बहुतेकांचा औषध थांबवल्यावर जातो, काहींचा थोडा रेंगाळतो.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी, म्हणजे प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, बीटामेथासोन यांनी, मूड वरखाली होतो: कधी उगाच उत्साह, कधी रडू, कधी रात्रभर जाग. मात्रा जितकी जास्त तितकी शक्यता जास्त, आणि मोठ्या माणसात प्रेडनिसोलोन दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर गेलं की ती ठळक वाढते. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर ही गोळी सकाळी खाऊन घ्यावी. दोन-तीन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर एकदम तोडू नये. आणि बाजारात, ओळखीतून मिळणाऱ्या बिनलेबलच्या 'दम्याच्या पुड्या'? दोन दिवसांत जादूसारखा गुण आला तर आत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या.

नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे वेगळा. त्यातलं औषध रक्तात फारच थोडं जातं, म्हणून नाकाच्या ॲलर्जीत तो मुख्य उपचार आहे. तो चालत नाही असं म्हणणारे बहुतेक जण तो चुकीचा मारतात. बाटली हलवा. मान किंचित पुढे झुकवा, मागे टाकू नका. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने राहतं. मधल्या पडद्यावर औषध आदळत राहिलं तर तो कोरडा पडून रक्त येतं. दाबा, हळू श्वास घ्या, जोरात ओढू नका. घशात कडू लागलं तर औषध नाकात राहिलंच नाही असं समजा. पूर्ण गुण यायला एक ते दोन आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी सोडून देणाऱ्याला काहीच मिळत नाही. याउलट झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मिनिटांत नाक उघडतात म्हणून लोक ते महिनोन्‌महिने टाकतात. पाच दिवसांपुढे ते ओढले की थेंब उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि मग थेंबांशिवाय झोपच लागत नाही.

स्प्रेच्या आधी नाक धुतलं तर गुण जास्त. आयोडीन नसलेलं मीठ ३ चमचे आणि खाण्याचा सोडा १ चमचा एकत्र करून कोरड्या डबीत ठेवा. त्यातलं १ सपाट चमचा मिश्रण २४० मिली कोमट पाण्यात घाला. चमचा म्हणजे ५ मिलीचा, औषधाचा. लहान मुलासाठी दोन्ही निम्मं. झोंबलं तर मिश्रण थोडं कमी करा. पाणी खळखळ उकळून गार केलेलंच हवं. नळाचं, विहिरीचं किंवा नदीचं कच्चं पाणी नाकात घालू नका. अशा पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेऊ शकतो. घटना दुर्मीळ असली तरी पाणी उकळणं सोपं आहे.

अंथरूण, भिंती आणि हंगाम

कोल्हापूरचं वर्ष ॲलर्जीच्या दृष्टीने तीन तुकड्यांत पडतं. जून ते सप्टेंबर ओल, बुरशी आणि धुळीतले किडे. सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत गवताचे पराग आणि गाजर गवत. मग गळीत हंगाम: गुऱ्हाळांचा धूर आणि शेतात पेटवलेलं पाचट. धूर हा ॲलर्जीचा पदार्थ नाही, तो नाका-छातीला नुसता डिवचतो. म्हणून धुराने खोकणाऱ्याची ॲलर्जीची चाचणी कोरी येते आणि माणूस गोंधळतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतली धूळ, इचलकरंजीच्या मागाचा कापूस यांचं वेळापत्रक कामाच्या पाळीशी जुळतं. सुट्टीनंतर कामावर गेल्या दिवशीच छाती आवळून येत असेल तर तो कापसाच्या धुळीचा ओळखीचा आजार असू शकतो, डॉक्टरांना कामाचं स्वरूप आवर्जून सांगा.

धुळीतले किडे डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या गळणाऱ्या त्वचेवर जगतात आणि ॲलर्जी होते ती त्यांच्या विष्ठेची. जुन्या साड्या थरावर थर शिवून केलेली वाकळ त्यांना फार मानवते: ऊब, ओल आणि खायला भरपूर. वाकळ उन्हात टाकली की किडे काही प्रमाणात मरतात, पण विष्ठा आतच राहते, धुतल्याशिवाय जात नाही. म्हणून ॲलर्जीवाल्याच्या अंगावर वाकळ न देता धुता येईल अशी पातळ चादर द्या, दोन लागल्या तरी चालेल. चादर, उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास. पावसाळ्यात वाळत नसेल तर पंख्याखाली वाळवून मग कडक इस्त्री. गादी-उशीला घट्ट विणीच्या कापडाची चेन असलेली खोळ घाला. एवढं एक केलं तरी खूप झालं. कोरड्या केरसुणीने झाडू नका, ओलं फडकं फिरवा, आणि त्या वेळी मूल खोलीत नको.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी चढलेल्या घरांकडे वेगळं बघावं लागतं. नुसता रंग दिला तर बुरशी त्याखाली वाढत राहते आणि पावसाळ्यात डाग पुन्हा उमटतो. फुगलेला गिलावा विटेपर्यंत काढा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग नवा गिलावा करा. तोवर पलंग त्या भिंतीपासून निदान हातभर दूर. कपाटामागची भिंत टॉर्चने बघायला विसरू नका, वास तिथूनच येतो.

गाजर गवत उपटायचं तर फुलं यायच्या आधी, ओल्या जमिनीतून, मुळासकट. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं हवंच. ज्याला ॲलर्जी आहे त्याने हे काम करूच नये, दुसऱ्याला सांगावं.

आता ताट

अन्नाची खरी ॲलर्जी काही मिनिटांपासून दोन तासांत दिसते: अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी, खोकला. अंगावर काहीच न दिसता नुसता स्वभाव बदलतो, असं सहसा होत नाही. साखरेचं तर अजिबात सिद्ध झालेलं नाही. १९९५ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडल्याचं आढळलं नाही. १९९४ चा एक प्रयोग तर आणखी बोलका आहे. मुलांना साखर नसलेलं पेय दिलं, पण आयांना 'साखर दिलीय' असं सांगितलं. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली! गुळाच्या गावात हे ऐकायला बरं वाटेल, पण दातांसाठी साखर वाईटच.

कृत्रिम रंगांची गोष्ट थोडी निराळी. २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश अभ्यासात काही रंग आणि सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकवायला घालतात ते) यांच्या मिश्रणाने काही मुलांची चंचलता किंचित वाढलेली दिसली. ती ॲलर्जी नव्हे, आणि परिणामही छोटा. तरी युरोपात जुलै २०१० पासून अशा सहा रंगांवर इशारा छापावा लागतो. आपल्याकडच्या पाकिटावर १०२, ११०, १२२, १२४ हे आकडे शोधा. सुट्ट्या जिलेबीवर कसले आकडे? ती चार आठवडे टाळून बघायला काहीच खर्च नाही.

एखाद्या पदार्थावर शंका असेल तर एका वेळी एकच पदार्थ, दोन ते चार आठवडे पूर्ण बंद. मग तीन दिवस रोज द्या आणि वही बघा. बंद असताना गुण सुधारले आणि परत दिल्यावर बिघडले, तरच शंका धरावी. गुण देणारी व्यक्ती काय बंद केलंय हे न जाणणारी असली तर सोन्याहून पिवळं: वर्गशिक्षिकांना रोज ० ते ३ गुण मागा, पण पदार्थ सांगू नका.

पूर्वी त्या पदार्थाने गांधी, सूज किंवा धाप आली असेल, किंवा मुलाला एक्झिमा असेल, तर हा प्रयोग घरी करायचा नाही. काही आठवडे बंद ठेवून परत दिल्यावर पहिल्यापेक्षा जोरात प्रतिक्रिया येऊ शकते. ते काम दवाखान्यात, डॉक्टरांसमोर.

आपल्या स्वयंपाकात शेंगदाणा पूर्ण बंद करणं हे मोठंच काम. खर्ड्यात असतो, कोशिंबिरीत कूट, मिसळीच्या फरसाणात, चिवड्यात, वांग्याच्या भाजीत. घाण्याच्या तेलात प्रथिनं शिल्लक असतात, रिफाइंडमध्ये जवळजवळ नसतात. काजू-तिळाची ॲलर्जी असलेल्याने पांढरा रस्सा विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात काजू, खसखस, तीळ यांचं वाटण असतं. गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर म्हशीचं किंवा शेळीचं दूध हा उतारा नाही, प्रथिनं फार मिळतीजुळती आहेत. कोल्हापूरच्या गंगावेशेत धारोष्ण दूध प्यायल्यावर तासाभरात नुसतं पोट फुगून गुरगुरत असेल, तर ती बहुधा दुधातली साखर न पचण्याची तक्रार, ॲलर्जी नव्हे.

रक्तातल्या आयजीजीवरून शे-दीडशे पदार्थांची यादी देणारी तपासणी करू नका. आयजीजी ही आयजीईहून वेगळी प्रतिपिंडं, ती म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता एवढाच पुरावा. अशा यादीवरून मुलाचं दूध, गहू, अंडं, डाळ सगळं बंद केलं की मूल वाळतं, अशक्त होतं आणि मग खरोखरच किरकिरं होतं.

थांबायचं नाही अशा वेळा

खाल्ल्यानंतर, इंजेक्शननंतर किंवा मधमाशी चावल्यावर माणूस एकाएकी प्रचंड घाबरला, 'काहीतरी वाईट होणार' म्हणायला लागला, किंवा बाळ अचानक चिकटून रडायला लागून मग मलूल पडलं, तर ते नुसतं मनाचं समजू नका. जोडीला गांधी, आवाज घोगरा, धाप, उलटी किंवा चक्कर असेल तर ती ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी. १०८ ला फोन करा, आडवं झोपवून पाय वर घ्या (धाप असेल तर बसू द्या, उभं करू नका) आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनालिनचं इंजेक्शन मिळेल अशा जवळच्या दवाखान्यात न्या. आमसुलाचं पाणी लावत किंवा सेटिरिझिन चघळत बसण्यात वेळ जातो. बरं वाटलं तरी काही तास तिथेच थांबा, दुसरी लाट येऊ शकते.

दोन आठवड्यांहून जास्त उदासी, खाणं-झोप पूर्ण बिघडणं किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलणं असेल, तर वही, खोळी, स्प्रे सगळं बाजूला ठेवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचं बोलणाऱ्या माणसाला तोवर एकटं सोडू नका.

एरवी डॉक्टरांकडे जाताना वही, झोपेचा व्हिडिओ आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिप-बाटल्या पिशवीत घालून न्या, काढ्याच्या आणि पुड्यांच्याही. त्वचेवर टोचून करायची चाचणी ठरली तर ॲलर्जीविरोधी गोळ्या आणि सिरप किती दिवस आधी थांबवायचे ते विचारा, साधारण ५ ते ७ दिवस लागतात. विसरून घेतली तर चाचणी खोटी कोरी येते. दम्याचा पंप मात्र चालू ठेवायचा. रक्ताच्या आयजीई तपासणीला काहीच बंद करावं लागत नाही. त्वचेच्या चाचणीत ३ मिमी किंवा जास्त फुगवटा आला म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखतं, एवढंच कळतं. मूल रोज शेंगदाण्याची चिक्की खाऊन मजेत असेल तर फक्त त्या कागदावरून चिक्की बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.